उरलेली वाळू

लातूरच्या आमच्या मटेरियल टेस्टिंग लॅबमध्ये त्याचं टेबल माझ्या शेजारी आहे. शिक्षण तेच, पगार तोच. पण जुन्या देवळाच्या चुन्याचा नमुना घेऊन आलेला माणूस थेट त्याच्याकडेच जातो. गाव कोणतं, पाव्हणे कोण, हे विचारल्याशिवाय तो पिशवीसुद्धा उघडत नाही.

नमुना ॲसिडमध्ये टाकला की चुना फसफसून विरघळतो आणि खाली वाळू उरते. वजन झालं की मी ती फेकून देतो. तो ती धुतो, वाळवतो आणि पुडी बांधून परत देतो. "तुमच्या देवळाची हाय, ठेवा." म्हातारी माणसं पुडी कपाळाला लावतात. मला हे नाटक वाटायचं. ते नाटक नाही, याचाच आता जास्त राग येतो.

परवा तो रजेवर गेला, म्हणून त्याच्याकडे दिलेला बिलोलीच्या एका देवळाचा नमुना माझ्याकडे आला. मी वाळू धुतली, वाळवली, अगदी त्याच्यासारखी पुडी बांधली. न्यायला आलेल्या आजोबांनी ती कपाळाला लावली आणि विचारलं, "त्या सायबांनी जायच्या आधी बांधून ठेवली का?"

मी म्हणालो, "हाव."