लाल रंग कोण ठरवतं?

कारखान्यात वर्ष काढलं की किस्से आपोआप साठतात. माझे मात्र नुसते हसून सोडून देता येत नाहीत. जर्मनीहून शिकून परतताना वाटलं होतं, कोल्हापुरात लोखंडाला आकार देणारे हात आहेत, त्यांना फक्त मोजमाप द्यायचं. हात होते. मोजमाप कुणालाच नको होतं!

आमच्याकडे उसाची ट्रॉली ट्रॅक्टरला जोडणारे हुक बनतात. मी हुकावर पांढरा रंग देते, त्यावर बारीक काळे ठिपके उडवते. मशीन हुकाला पुन्हा पुन्हा ओढतं आणि ठिपके किती सरकले ते कॅमेरा टिपतो. जिथं धातूवर ताण जास्त, जिथून भेग पुढं सरकणार, ती जागा स्क्रीनवर लाल दिसते.

पहिल्या हुकावर ठिपके मारून जेवायला गेले. परत येते तर हुक निळाशार! फोरमन गणपामामा खुशीत. "मॅडम, कुणीतरी घाण उडीवलीती. पुसून झ्याक ऑइलपेंट मारलाय बगा!"

खंडेनवमीला, यंत्रांच्या पूजेआधी, हात जोडून सांगितलं, चाचणी बंद करू नका. नाही केली. चालू मशीनवर मूठभर हळदकुंकू उधळलं! कॅमेऱ्याला माझे ठिपकेच ओळखू येईनात. मामा म्हणाले, "देवाचं हाय, चालतंय की!"

आमचे मालक, आबा. येईल त्या पाहुण्याला लॅबमध्ये आणणार. "इंपोर्टेड कॅमेरा हाय, पावणं!" एकानं विचारलं, "दाखवतोय काय ह्यो?"

"ते मॅडमला ठावं. चला, चहा घिऊ."

मग एक दिवस कॅमेऱ्यानं दाखवलं. लागोपाठ तीन हुक, तिन्ही गळ्याशी लाल, तिथंच केसाएवढी भेग. मी धावत मामांकडे.

"वेल्डिंग मारून ग्राइंडर फिरवू. तुमच्या जर्मनीलाबी घावायची न्हाय!"

"मामा, भरल्या ट्रॉलीचा हुक चढावर तुटला तर? मागं मोटारसायकलवाले असतात."

"मोटारसायकलवर मीबी असतोय मॅडम. रोज. म्हणून ट्रॉलीमागं गाडी घालत न्हाय!"

हंगाम तोंडावर आला. सगळा माल बांधून तयार. आबांनी लॅबमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि स्क्रीनवर बोट ठेवलं. "ह्यो लाल रंग कोण ठरवतंय?"

मला काय आनंद झाला! वर्षात पहिल्यांदा कुणीतरी कामाचा प्रश्न विचारला होता. "आपणच, आबा. कितीच्या वर लाल दाखवायचं, ती मर्यादा आपण घालतो."

"मग मर्यादा वाढवा की. मोजलेला आकडा एकबी बदलू नगा. खोटं आपल्याला जमत न्हाय."

त्यांनी स्वतःच वाढवून बघितली. अख्खा हुक हिरवा झाला.

"हां! आता कसं उसाच्या फडागत दिसतंय! उद्या चाचणीच्या दाखल्यावर सही करा पोरी, माल जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मर्यादा होती तिथं आणली, लाल हुकाचं चित्र मोठं छापून घेतलं आणि कामावर न थांबता साखर कारखान्याच्या यार्डात, हंगामाच्या नोंदणीला आलेल्या ट्रॅक्टरवाल्यांच्या रांगेपुढं ते धरून उभी राहिले.