लूर्ड्सहून लागलेला फोन

फ्रान्समधल्या लूर्ड्सला, मारियामातेच्या तीर्थाच्या यात्रेला मी भक्तीने गेले, असं आमच्या गिरीज गावात सगळ्यांना वाटतं. खरं सांगायचं तर मी भीतीपोटी गेले. माझ्या यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस करता करता तीन वर्षं सरली होती. केळीच्या वाडीत दिवसभर राबणारा माणूस अंगणातल्या खुर्चीपर्यंत जाताना दोनदा थांबायचा. मी शाळेत शिकवत असताना मुलांना सांगायची की मनापासून मागितलेलं देव ऐकतो. आता मी स्वतः रोज मागत होते आणि रोज वाटत होतं, तिकडे ऐकणारं कुणी आहे तरी का? तो संशय मी फादरांनाही सांगितला नाही. आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या मंडळींची, यात्रा निघाली तेव्हा यजमानांनीच माझं नाव दिलं. त्यांना या अवस्थेत सोडून कशी जाऊ, म्हणून मी अडून बसले, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मला बरं करायला जाऊ नकोस. तुला जरा श्वास घेता येईल म्हणून जा."

आमची मुलगी लीना वसईलाच राहते. ती वडिलांजवळ येऊन राहिली. निघण्याआधी तिने माझ्या फोनवर रोमिंगचा पॅक टाकला आणि बाहेर असताना साधा फोन कर, हॉटेलात असताना वायफायवरून कर, असं दोनदा समजावलं. पहिले दोन दिवस सगळं नीट चाललं. तिथे सकाळ असायची तेव्हा इकडे जेवणं आटोपलेली असायची. मी फोन करायची, यजमान थोडंच बोलायचे. तिकडे थंडी आहे का, गुडघा दुखतो का, एवढंच विचारायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी गुडघा इतका सुजला की मी हॉटेलातच राहिले. बाकीची मंडळी फादरांबरोबर चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला गेली. नाश्त्याच्या टेबलावर असताना लीनाचा मेसेज आला. पप्पांना श्वास लागला, हॉस्पिटलमध्ये आणलंय, मम्मी, लगेच फोन कर. मी बटण दाबलं आणि त्याच वेळी वायफाय गेलं. रोमिंगवरून लावायला गेले तर फोनला रेंजच नव्हती. पॅक संपला होता की आणखी काही झालं होतं, मला आजही कळलेलं नाही. काउंटरवरच्या माणसाला फ्रेंचशिवाय काही येत नव्हतं. त्याने हातानेच खूण केली की इंटरनेट बंद आहे आणि समोरच्या फोनवरून परदेशी फोन लागत नाही. फादरांना गाठायचं तर तेवढं चालण्याइतके पाय साथ देत नव्हते. मी जिन्याच्या पायरीवर बसले. जगातली इतकी माणसं ज्या जागी देवाला भेटायला येतात, त्या जागेपासून दहा मिनिटांवर बसून मी मनात म्हणत होते, तू नाहीसच.

खोल्या साफ करणारी एक बाई चादरींचा गठ्ठा घेऊन खाली येत होती. पन्नाशीची असेल. ती थांबली. मी तिला फोन दाखवला, 'इंडिया' म्हटलं, 'हसबंड' म्हटलं आणि फोन लागत नाही, अशी हाताने खूण केली. तिने गठ्ठा पायरीवर ठेवला, एप्रनच्या खिशातून स्वतःचा फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. तुटक इंग्रजीत म्हणाली, तिची आई पोर्तुगालला असते, तिच्याशी ती रोज यावरून बोलते. मी लीनाचा नंबर इथल्यासारखाच लावला, तो लागला नाही. तिने मान हलवली, आधी दोन शून्यं दाबली आणि पुढचा आकडा विचारला. मी सांगितलं, नाइन, वन. मग लीनाचा नंबर लागला, पण व्यस्त होता. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. मी फोन परत करू लागले, तर ती घेईना. आणखी एकदा, असं बोटाने सांगत राहिली.

तेव्हा मी यजमानांचा नंबर लावला. का लावला, ते सांगता येत नाही. हॉस्पिटलमध्ये त्यांचा फोन उचलणार कोण? तो खूप वेळ वाजला. मग एका अनोळखी बाईचा आवाज आला, "कोन बोलतंय?"

मी सांगितलं, मी पेशंटची बायको, परदेशातून बोलतेय. ती हॉस्पिटलमधली आया होती. लीना खाली औषधं आणायला गेली होती. पेशंट तिच्यासमोरच आहेत, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "बोला. मी त्यांच्या कानाला लावते."

मी ठरवलं होतं की थांबा म्हणायचं. मी येतेय, तुमच्यासाठी तीर्थ घेऊन येतेय, तोवर थांबा. पण पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला आणि ते किती कष्टाने थांबलेत, ते मला कळलं. तीन वर्षं मी त्यांना थांबवूनच तर ठेवलं होतं. मी आमच्या घरच्या बोलीत म्हटलं, "अहो, मी बरी आहे. तुम्ही माझी वाट बघू नका. तुम्ही निघा." मग नमो मारिया म्हणत राहिले. किती वेळा, ते आठवत नाही. ती बाई माझ्या शेजारी पायरीवर बसून तिच्या भाषेत तीच प्रार्थना म्हणत होती. अर्ध्या तासाने वायफाय आलं आणि लीनाचा फोन आला. ते गेले होते.

फादरांनी माझं परतीचं तिकीट बदलून दिलं. निघायच्या गडबडीत त्या बाईला शोधलं, पण तिची कामाची पाळी संपली होती. दफन माझ्यासाठी थांबवलं होतं.

महिन्याभराने मी त्या आयाला भेटायला गेले. तिचं नाव हिरा. ती म्हणाली, त्या वॉर्डात मोबाइल ठेवू देत नाहीत, त्यांच्या कपड्यांची पिशवी बाहेर न्यायलाच ती आली होती. पिशवीतला त्यांचा फोन वाजायचा थांबेना म्हणून उचलला. मग जरा घुटमळून तिने सांगितलं, "सकाळपासून दरवाज्याकडंच बघत होते. तुम्ही बोलायला लागलात तेव्हा डोळे मिटले. पानीपन नाही मागितलं."

मी जे मागायला गेले होते, ते मला मिळालं नाही. घर रिकामं आहे, आणि दुपारी जेवणं आटोपण्याच्या वेळेला ते जास्तच रिकामं वाटतं. शरण जाणं म्हणजे दुःख हलकं होणं, असं मी समजत होते, तसं नसतं. दुःख आहे तेवढंच आहे. फक्त त्यांना मी धरून ठेवलेलं नाही, आणि सोडण्याचं बळ माझं नव्हतं, एवढं मला पक्कं ठाऊक आहे. ते बळ ज्याने दिलं, त्याचे मी रोज आभार मानते. प्रार्थनेत हिराचं नाव घेते. हॉटेलातल्या त्या बाईचं नाव मी विचारलंच नव्हतं, म्हणून तिच्या वेळेला क्षणभर गप्प राहते. ती कोण, ते देवाला ठाऊक आहे.