देवलीबाईंचा अंगठा

परवा तलासरीच्या कचेरीत दाखल्यासाठी उभा होतो. खिडकीतून स्टँपपॅडच्या शाईचा वास आला आणि देवलीबाई आठवल्या.

जिल्हा परिषदेला त्या अपक्ष उभ्या होत्या. विहिरी आटल्या की कोसभर पाणी वाहणाऱ्या पाड्यांवरच्या बायांनीच त्यांना उभं केलं होतं. त्या अनवाणी प्रचार करायच्या. लिहिण्यावाचण्याचं सगळं माझ्याकडे होतं. समोरच्या उमेदवाराने माझ्या भावाला नोकरी लावायचा शब्द दिला आणि मी फिरलो.

त्या दुपारी देवलीबाई नाचणीची भाकरी खात होत्या. मी कागद पुढे केला.

"कसला रे भाऊ?"

"भोंग्याच्या परवानगीचा."

त्यांनी हात लुगड्याला पुसला, अंगठा शाईत दाबून कागदावर टेकवला आणि नीट उठला का, ते वाकून पाहिलं. तो उमेदवारी मागे घेण्याचा अर्ज होता. तेव्हा मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. आज तो वाकलेला चेहरा डोळ्यांपुढून हलत नाही.

पुढे त्यांनी निशाणी विचारली, तेव्हा मी तोंडाला येईल ते, "कपबशी," असं सांगितलं. मतदानापर्यंत त्या घरोघर कपबशी सांगत फिरल्या.

मतदानाला पहिल्या त्याच आत गेल्या. घाबऱ्याघुबऱ्या बाहेर आल्या आणि त्यांनी माझाच हात धरला.

"भाऊ, मशीनवर आपली कपबशी लावायची राहिली. तू शिकलेला, तुझं ऐकतील. लवकर सांग ना त्यांना, बाया रांगेत उभ्या आहेत."