हातनको

गुहेच्या तोंडाशी उभं राहून तो येणाऱ्या प्रत्येक माणसाला आपादमस्तक न्याहाळायचा आणि मनातल्या मनात नापास करून टाकायचा. उंच टाचांच्या चपला घालून आलेली बाई नापास. कडेवर पेंगणारं पोर त्याच्या बापासकट नापास. ‘आत एसी आहे का हो?’ असं विचारणाऱ्याकडे तर तो उत्तर द्यायलाही तोंड उघडत नसे. उभी हयात गाइडगिरीत घालवून माणसांबद्दल त्याचं एकच मत पक्कं झालं होतं, की यांची दगड बघायचीसुद्धा लायकी नाही.

त्याला सगळे ‘हातनको’ म्हणत. तिकीटखिडकीवर बसणारी त्याची बायकोही रागावली की तेच म्हणायची. दोष त्याचाच होता. पाच पावलं चालला की तो वळून खेकसायचा, “ताई, हात नको! अहो काका, हात नको म्हटलं ना? कान काय घरी ठेवून आलात?”

त्याचं खेकसणं अगदीच अनाठायी नव्हतं. छतातून थेंब ठिबकतो, थेंबातला चुना मागे राहतो, त्या चुन्याचा दगड होतो. नखाएवढा वाढायलाही त्याला कित्येक पिढ्या लागतात. माणसाचा हात लागला की हाताचं तेल दगडाला चिकटतं, मग त्यावर पाणी ठरत नाही. दगडाची वाढ खुंटते आणि तो काळा पडतो. हे तो रोज समजावून सांगायचा. लोक माना डोलवायचे आणि पुढच्याच वळणावर दगडाला टेकून फोटो काढायचे.

आत बघण्यासारखं इतकं होतं! भिंतीत रुतलेली अस्वलांची हाडं होती, डबक्यात बिनडोळ्यांचे पांढरे किडे होते, छताला लटकलेली वटवाघळं होती. पहिल्या माणसांनी पेटवलेल्या चुलींची काजळी अजून छतावर होती, आणि त्या काजळीत कुणा दिवट्या प्रेमवीरांनी बदाम कोरून आपली नावं घातली होती. लोकांना मात्र एकच पडलेली असायची. इथे सिनेमाचं शूटिंग झालंय का?

सगळ्यात आतल्या दालनात एक पांढराशुभ्र खांब होता. गाइड लोक त्याला ‘नवरी’ म्हणत. तिथे पोचलं की हातनको सगळे दिवे मालवायचा. डोळे उघडे काय आणि मिटलेले काय, सारखंच वाटावं असा काळोख. त्या काळोखात तो सांगायचा, “लढाईच्या वर्षी आमचं अख्खं गाव इथे लपलं होतं. वर डोंगरावर सैनिक फिरत होते. याच खांबाशी एक बाई बाळंत झाली. बाळ रडलं असतं तर सगळे मेले असते. पण पोरगी जन्मली आणि रडलीच नाही. ती माझी आई.” तेवढं सांगताना त्याच्या आवाजातला तुच्छपणा कुठल्या कुठे जायचा.

आणि नेमकी ही नवरीच काळी पडायला लागली. कमरेच्या जरा वर, हाताच्या पंजाएवढा डाग. दगडांचा अभ्यास करणाऱ्या बाई तपासणीला आल्या, त्यांनी भिंग लावून पाहिलं आणि सरळ सांगितलं, “रोजचा हात लागतोय इथे. गर्दीचाच असेल तर मला हे दालन कायमचं बंद करावं लागेल.”

“बंद?” हातनकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाई, माझ्या आईचं माहेर आहे हे! त्या अडाण्यांपायी तुम्ही बंद करणार?”

“मग कुणाचा हात ते दाखवा. एकदोघांचंच काम असेल तर त्यांना आवरता येईल.”

तो चंग बांधूनच बसला. डागाचा दगड तसाही मेलेलाच होता. म्हणून बाईंनी त्यावर पाण्याने धुऊन जाईल अशी निळी पूड लावायला परवानगी दिली. सकाळी त्याने ती स्वतः लावली, फडक्याला हात पुसले आणि सकाळचा पहिला घोळका आत नेला. वाटेत नेहमीपेक्षा कमी बोलला. करा म्हणावं काय करायचं ते, आज रंगेहाथ धरतो एकेकाला!

दालनात त्याने दिवे मालवले. गोष्ट सांगता सांगता त्याचे कान कुणाचे कपडे सळसळतात का याकडेच लागले होते. पोरगी रडली नाही हे सांगताना नेहमीसारखं त्याला घोळक्याचं भान राहिलं नाही. मग त्याने दिवे लावले, उजव्या हातातला टॉर्च परजला आणि घोळका बाहेर काढला.

चढ चढून तो घामाघूम झाला होता. कपाळ पुसत त्याने उन्हात सगळ्यांना ओळीत उभं केलं. “हात पुढे! तळवे वर!” बाई शेजारीच उभ्या होत्या. एका म्हातारबाईने घाबरून पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही तळवे पुढे केले. स्वच्छ. तिच्या जावयाचे स्वच्छ. एकामागून एक सगळे स्वच्छ. त्यात लोक एकमेकांकडे बघून हसू दाबायला लागले.

“दात काय काढताय? लाज नाही वाटत?” तो कडाडला. “दगडाचा जीव घेता आणि वर हसता!”

तेवढ्यात बायको खिडकी सोडून आली आणि त्याच्या कपाळाकडे बघतच राहिली.

“अहो,” ती हळूच म्हणाली, “तुमचा डावा हात बघू.”

निळा. तळवा निळा, कपाळ निळं. काळोखात आईचं नाव निघालं की हा हात आपसूक नवरीवर जाऊन टेकायचा. दर खेपेला. इतकी वर्षं. आणि त्या हाताच्या मालकाला त्याची गंधवार्ताही नव्हती.

लोक पोट धरधरून हसले. म्हातारबाई तेवढी हसली नाही. तिने पिशवीतला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. त्याने तो घेतला नाही. उभ्या जन्मात त्याला स्वतःचा इतका तिटकारा कधी आला नव्हता.

सगळे पांगल्यावर बाई म्हणाल्या, “एका दिवसाचा पुरावा धरता येत नाही. कदाचित इतर वेळी लोकही...”

होय म्हटलं असतं तर सुटला असता. दालन बंद झालं असतं, दोष गर्दीवर गेला असता.

“लोकांचं नाव घेऊ नका,” तो म्हणाला. “माझाच हात आहे. मला आत सोडू नका आणि दालन उघडं ठेवा.”

आता आतल्या दालनात दुसरा गाइड जातो. पाठ केलेलं घडाघडा म्हणतो म्हणून हातनकोने त्याला ‘पोपट’ नाव ठेवलंय. हातनको घोळक्याला दालनाच्या दारापर्यंत आणतो, पोपटाच्या ताब्यात देतो आणि बाहेर उभा राहतो, दोन्ही हात खिशात घालून. आतले दिवे मालवतात. पोपटाचा आवाज येतो.

“...आणि या खांबाशी एक मुलगा जन्माला आला...”

“मुलगी!” बाहेरच्या काळोखातून हातनको ओरडतो. “मुलगी रे, गाढवा! माझी आई होती ती!”