पंचाच्या दारातला बैल

हर्णैच्या बंदरावर मचवा लागला होता आणि वडील माझं सामान मोठ्यानं मोजत होते. वळकटी, पेटी, तांब्या, ताट, दोरी, कंदील, छत्री. मोजून झालं की पुन्हा पहिल्यापासून. मला वाटतं, मोजणं चालू आहे तोवर मी जाणार नाही असा त्यांचा हिशेब असावा. शेवटी मचव्याचा तांडेल ओरडला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "सामान मोजून ने, मोजून आण." आई पाण्यात घोट्यापर्यंत आली होती. ती म्हणाली, "एकट्यानं जेवू नको रे. कुणी नसलं तर कावळ्याला तरी हाक मार."

तुम्ही जे बंदरावर राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखे कुठं कुठं पांगलात, त्या सगळ्यांना ठाऊक आहे की असल्या वेळी माणूस काहीतरी निरर्थक बोलतो. मी म्हणालो, "छत्री ओली होतेय."

अमेरिकेत लढाई लागली होती. तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून मुंबईच्या पेढ्या वऱ्हाडाकडे धावत सुटल्या होत्या. अशाच एका पेढीनं मला उमरावतीला धाडलं. काम सोपं होतं: गावोगाव हिंडायचं, कापसात दगड, सरकी, पाणी मिसळलं आहे का ते पाहायचं, आणि चांगल्या मालाच्या बोज्यांवर लाल रंगानं खूण करायची. आगगाडी तेव्हा वऱ्हाडात पोचली नव्हती. पुढचा सगळा प्रवास बैलगाडीनं केला आणि त्यातून मला एवढंच शिकायला मिळालं की माणसाच्या पाठीला किती हाडं असतात.

लोक पत्रातून विचारत, तिकडचं कापसाचं रान समुद्रासारखं दिसतं का? नाही. समुद्र मी पाहिलेला आहे. कापसाचं रान कापसाच्या रानासारखं दिसतं.

पहिली अडचण घराची. एकट्या पुरुषाला कोणी जागा देईना. माझं लग्न राहून गेलं होतं. त्याला कारण असं काही घडलं नव्हतं. कुणाच्या ओसरीवर छत्री राहून जाते तसं राहून गेलं, आणि परत आणायला जायची वेळ निघून गेली. अखेर कासमभाई रंगाऱ्यानं आपल्या कोठाराशेजारची खोली दिली. दाराला कडी नाही म्हणालो, तर म्हणाला, "मुनीमजी, चोर आया भी तो आपका हाल देख के कुछ रख के जाएगा."

रोज सकाळी पुंजाजी आपली दमणी, म्हणजे बसायची हलकी गाडी, दारात आणी. पुंजाजी काळ्या मातीतला कुणबी. पावसाळ्यात शेत करी, एरवी गाडी हाकी. त्याचे बैल दोन: बांड्या आणि लाल्या. बांड्या ठिपक्यांचा आणि हट्टी. लाल्या तांबडा आणि खादाड. पेढीच्या नमुन्यांतली सरकी माझ्याकडे उरे. ती मी रोज मूठमूठ दोघांना चारी. एकट्यानं खाऊ नये ही आईची आज्ञा मी अशी अर्धीमुर्धी पाळत होतो. मूर्तिजापूर, बार्शीटाकळी, अकोला, चांदूर, जिकडे माल तिकडे आम्ही चौघे. वाटेत पुंजाजी बैलांशी बोले, मी माझ्याशी बोलत असे. कधीकधी तो मागं वळून विचारी, "मले म्हनलं का?" मी म्हणे, "नाही." मग पुन्हा कोसभर नुसती चाकं वाजत.

आता खेळांविषयी. वऱ्हाडी माणूस कामात सावकाश आणि खेळात पेटलेला. आट्यापाट्या असोत, कुस्ती असो की शंकरपट, भांडण ठरलेलं. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. तेजीच्या दिवसांत तिला असा ऊत आला की बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आणि धन्याच्या पायात मात्र वहाण नाही, असंही मी पाहिलं. माझ्या पहिल्याच हिवाळ्यात एका पटावर कोणाची जोडी आधी पोचली यावरून काठ्या निघाल्या. गर्दीतून पाटलानं माझा दंड धरला आणि मला रेषेपाशी नेऊन उभं केलं.

"हे मुनीमजी पंच!"

मी म्हणालो, "मला बैलांतलं काही कळत नाही."

"बैलाचं नाई काम. तुमचं इथं कोनी हाये का? सोयरा, भाऊबंद, जातवाला?"

"नाही."

"मंग तुमच्यापेक्षा चांगला पंच कुठं भेटन?"

सगळे हसले, मीही हसलो. त्या हिवाळ्यापासून पंचक्रोशीतल्या प्रत्येक खेळाला मी पंच. रेषेवर पाहणं मला बरं जमे. दोन्ही बाजू मला सारख्याच मानानं पानसुपारी देत आणि खेळ संपला की सारख्याच लगबगीनं आपापल्या घरी जात. मी झेंडी गुंडाळून, धूळ बसेपर्यंत थांबून, खोलीवर येत असे. ताट एकच होतं, त्यामुळे भांडी घासायला वेळ लागत नसे.

याच सुमारास मला एक प्रश्न पडला होता, तो स्पष्टच सांगतो. मी या गावात राहतो आहे की नुसता नेमलेला आहे?

उत्तर पोळ्याला मिळालं. पोळ्याच्या दिवशी सजवलेले बैल तोरणाखालून सुटले की दारोदार नेतात. घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, ओवाळते, पुरणपोळी चारते. पहिल्या वर्षी मी गूळ आणि हार घेऊन दारात उभा राहिलो. बैल माझ्यासमोरून जात राहिले. पुंजाजीनं मान खाली घातली आणि दावं ओढत पुढं गेला. मागून त्याची म्हातारी माय येत होती. ती थांबून मायेनं म्हणाली, "बापा, एकट्याच्या दारात बैल नाई थांबत. पाय कोन धुईन?"

तिचं चूक नव्हतं. रीत ती रीत. पुढच्या पोळ्यांना मी दार लोटून आत बसू लागलो आणि खिचडी करून खाऊ लागलो.

मग अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळले. बाहेरून आलेली माणसं आली तशी निघाली. पेढीचं पत्र आलं: उमरावतीचं काम बंद, मुंबईस हजर व्हा. आगगाडी आता बडनेऱ्यापर्यंत आली होती. निघायचा दिवस पोळ्याच्या दुसऱ्याच दिवशी येत होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही. जाऊ नका म्हणणारं कोणी असतं, तर वाटलं असतं.

पोळ्याच्या संध्याकाळी मी दार लोटून सामान मोजत होतो. वळकटी, पेटी, दोरी, कंदील, छत्री. तांब्या भरलेला होता आणि ताटात खिचडी निवत होती, म्हणून ती दोन राहिली होती. एवढ्यात दार आपोआप उघडलं आणि बांड्याचं तोंड आत आलं. शिंगाला बेगड, गळ्यात माळा, आणि डोळ्यांत रोजचाच प्रश्न: सरकी कुठं आहे?

बाहेर पुंजाजी दावं ओढत होता. "चाल बे! आज गाडी नाई, आज पोया हाये!"

बांड्या हलेना. मागच्या बैलांची रांग खोळंबली. कोणीतरी ओरडलं, "पंचाच्या दारात बैल अडला रे!" हशा झाला. पुंजाजीनं आसूड उगारला, तोच त्याच्या मायनं त्याचा हात धरला.

"मारू नको. अडला नाई तो, आला. मुनीमजी, पाहून काय राहिले? धुवा त्याचे पाय."

मी उठलो. तांब्यातलं पाणी बांड्याच्या खुरांवर घातलं. कुंकू नव्हतं. बोज्यांवर खूण करायचा लाल रंग होता, तोच बोट बुडवून कपाळाला लावला. निरांजन नव्हतं, म्हणून कंदील पेटवून ओवाळला. कासमभाई आपल्या दारातून पाहत होता. तो म्हणाला, "वा, मुनीमजी! माल पास हो गया!" गल्लीभर हसू फुटलं, आणि त्या हसण्यात पहिल्यांदाच मी पलीकडे उभा नव्हतो. बांड्याला काय चारावं म्हणून मी मागं वळलो, तर त्याच्या बाजूनं लाल्यानं मान आत घालून माझी खिचडी संपवत आणली होती. ताट चाटून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. मला बंदरावरची आई आठवली आणि मी कंदील उंबऱ्यावर टेकवला.

दुसऱ्या सकाळी पुंजाजी दमणी घेऊन आला. सामान चढवलं.

"टेसनावर ना?"

"नाही. बाजारात, अडत्यांकडे. कोणाला माल पारखणारा हवा आहे का, विचारू."

"मंग हे पेटी काहून चढोली?"

"सवयीनं."

तो बैलांकडे वळला. त्यांना त्यानं बराच वेळ काहीबाही सांगितलं.

मुंबईपेक्षा कमी पगारावर मी राहिलो. हिवाळ्यात शंकरपट आला. मी फेटा बांधून नेहमीसारखा रेषेपाशी गेलो, तर पाटील म्हणाला, "मुनीमजी, तुमी तिकडं, पुंजाजीकडं उभे राहा."

"काहून?" मी विचारलं. माझ्या तोंडून वऱ्हाडी निघाली याचंही मला नवल वाटलं.

"त्याचा बैल तुमच्या दारात पुजला गेला ना? आता तुमी कसे पंच?"

रेषेवर टपालखात्यातला एक नवा कारकून उभा होता. नगरकडून आलेला, काखेत छत्री. त्याचं इथं कोणी नव्हतं. त्या दिवशी बांड्या-लाल्या स्पष्ट हरले. इतकी वर्षं रेषा पाहिलेला माणूस मी, मला ते दिसलं. तरी पुंजाजीच्या बरोबरीनं मी ओरडत होतो, "पंच आंधळा आहे!" संध्याकाळी त्या कारकुनाला जेवायला बोलावलं. त्यासाठी आधी दुसरं ताट विकत घ्यावं लागलं.

यातून मी सुखाचा संसारी झालो असं समजू नका. पोळा वर्षातून एकदा येतो. बाकीच्या दिवसांत खोली पूर्वीइतकीच शांत असते, आणि पावसाळ्यात कधी वारा नैर्ऋत्येकडून आला तर मी उगाच नाकानं खारेपणा शोधतो. सापडत नाही.

गेल्या वर्षी हर्णैला येऊन गेलो. आई-वडील आता नाहीत. धाकट्या दोघा भावांत कुंपणावरच्या माडांवरून अबोला होता. ओटीवर मला मधोमध बसवून धाकटा म्हणाला, "दादा, तूच निवाडा कर. तुझं आता इथं काही नाही, तू कुणाची बाजू घेणार नाहीस."

मी निवाडा केला. चोख केला. दोघांनीही मान्य केला आणि दोघांनीही मला आग्रहानं वाढलं. निघताना मी सामान मोजलं. वडिलांनी मोजून दिलेलं सगळं बरोबर होतं.

बडनेऱ्याला उतरलो तेव्हा पुंजाजी दमणी घेऊन उभा होता. बांड्या म्हातारा झाला आहे, पण माझ्या खिशाकडे त्यानं आधी पाहिलं. सरकी होती.

"उद्या पट हाये," पुंजाजी म्हणाला. "आपली जोडी नवी हाये, टिकन का नाई सांगता येत नाई. तुमी फक्त जोरानं ओरडजा."

मी म्हणालो, "ओरडतो." आणि घराकडे निघालो.