स्वयंपाकघरातला बोलका खोका

पुढच्या महिन्यात राहायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी मी बायकोला महिनाभर आधीच सुरमई तळायला लावली.

झालं असं. दिवेआगरला आमच्या वाडीत पर्यटकांसाठी तीन खोल्या आहेत. ऑनलाइन पैसे घ्यायला मी दोन कंपन्या धरल्या होत्या. एक बंद पडली तर दुसरी, हा माझा सिद्धांत. कोणी विचारो न विचारो, मी तो सांगायचो. खोल्यांचे पैसे पहिल्या कंपनीत. पैसे आले की मोठ्याने सांगणारा तिचा बोलका खोका पडवीत. बायकोने नुकत्याच सुरू केलेल्या खानावळीचे पैसे दुसरीत. तिचा खोका स्वयंपाकघरात.

आमच्याकडे जेवण आधी सांगायचं आणि पैसेही आधीच द्यायचे. बायकोचे हात मसाल्यात, मोबाइल बघणार कोण? खोका ‘तीनशे रुपये मिळाले’ म्हणाला की ती सुरमईचं एक ताट धरायची.

त्या शनिवारी सकाळी पहिल्या कंपनीची सेवा बंद पडली. नेमका मुंबईचा एक मोठा ग्रुप पुढच्या महिन्यासाठी तिन्ही खोल्या धरत होता. आगाऊ रक्कम माणशी तीनशे, ज्याने त्याने आपापली पाठवायची. मी रुबाबात स्वयंपाकघरातल्या कंपनीचा क्यूआर कोड पाठवला आणि शेजारच्या वाडीत जाऊन सिद्धांत सांगत बसलो.

शेजारी सुपारी सोलत होता. सगळं ऐकून म्हणाला, “तुमच्याकडनं तळणीचा वास लय येतोय. आज गर्दी हाय वाटतं?”

“छे हो, आज तर कोणीच...” एवढं बोललो आणि चपला तिथेच टाकून घराकडे पळालो.

बायकोच्या कपाळाला रवा लागला होता. “अहो, होतात कुठे? खोका थांबतच नाहीये! कोळणीची अख्खी टोपली घेतली मी. केळीची पानं काढा आधी. खानावळ चालायची नाही म्हणत होतात ना?”

इतकी खूश मी तिला कित्येक दिवसांत बघितली नव्हती. मी सांगितलं, ते पैसे खोल्यांचे होते. तिने गॅस बंद केला आणि तव्याकडे बघत उभी राहिली.

मी तसाच अनवाणी शेजाऱ्याकडे परत गेलो. त्याच्याकडे उतरलेले पाहुणे जेवायला बाहेर निघालेच होते. त्याने ते सगळे आमच्याकडे वळवले. पंगत बसली. एका बाईंनी सोलकढी पुन्हापुन्हा मागितली, तेव्हा कुठे बायको जरा हसली.

त्या दिवशी पैसे जेवणानंतर; पाहुणे ते देऊ लागले. खोका पुन्हा सुरू झाला. प्रत्येक ‘तीनशे’ला बायको माझ्याकडे वळून विचारी, “हे जेवलेले, की अजून यायचेत?”

पाहुणे गेल्यावर मी सारवासारव करायला गेलो. “या खोक्यानेच घोळ घातला बघ. बदलूनच टाकतो.”

“त्याला हात लावायचा नाही,” ती पानं गोळा करता करता म्हणाली. “त्याला जेवढं कळतं तेवढं तो सांगतो तरी. तुम्हाला तेवढंही जमत नाही.”