मागे पडलेल्याला टोचायचं नाही

माझी धाकटी बहीण इस्पितळाच्या लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत आली. दोन्ही मनगटांवर भाजल्याचे डाग आहेत. निवृत्त झाल्यावर तिनं पुस्तकांवर ब्लॉग लिहायला घेतला आणि त्याला नाव दिलं 'कडक इस्त्री'. मला आधी हे रिकामपणचे उद्योग वाटले. मग एकदा तिला वाचताना पाहिलं. पाठ ताठ, पुस्तक टेबलावर, पेन्सिल कानावर, चहा निवलेला. पान डोक्यात शिरलं नाही तर ती परत वरून सुरू करायची. मी आयुष्यभर पाण्याच्या पाइपलाइनवर काम केलं. कोण राबतंय आणि कोण राबल्याचं दाखवतंय, ते मला लांबून कळतं. ती राबत होती.

असे ब्लॉग लिहिणारे काही जण फोनवरच्या एका ग्रुपात होते. ते आपसात आव्हानं लावत. एकच जाडजूड कादंबरी सगळ्यांनी बरोबर वाचायची. प्रकरण संपलं की 'पान दुमडलं' असं लिहायचं, पुढची गोष्ट फोडायची नाही. आणि मागे पडलेल्याला टोचायचं नाही. हा शेवटचा नियम बहिणीचाच. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचे डोळे दुखतात, वाचन म्हणजे कारखान्याची हजेरी नव्हे, असं तिचं म्हणणं. सगळ्यांना पटलं होतं. मलाही.

तिथे खरं नाव कुणी लावत नसे. बहिणीचं सगळ्यात जमायचं ते 'कंदील' नावाच्या बाईशी. ही पूर्वीची टेलिफोन ऑपरेटर, एकटी राहणारी. एकाच शहरात असून दोघी कधी भेटल्या नव्हत्या. भेटलो तर गप्पा होतील आणि वाचन राहील, असं कंदीलबाईंचं मत. एकमेकींना पुस्तकं मात्र कुरिअरनं पाठवत.

"इस्त्रीबाई, अजून त्याच पानावर? जळेल ते," असं कंदील लिहायची.

"आधी तुमची वात वर करा. अंधारात वाचताय," असं बहीण.

या वेळची कादंबरी एका जहाजाच्या कप्तानाची आणि त्याची वाट बघणाऱ्या घराची होती. ती अर्ध्यावर आली आणि कंदील गप्प झाली. ग्रुपवर कुणी काही विचारलं नाही. प्रकरण मोठं आहे, येईल, असं जो तो मनात म्हणाला. 'चष्मेवाला' नावाच्या एकानं लिहिलं, 'कंदिलातलं तेल संपलं वाटतं.' सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बहीण माझ्याकडे आली. बसली नाही. पिशवीचा बंद पिळत उभी राहिली.

"दादा, कंदील गप्प आहे."

"मग विचार की."

"कसं विचारू? नियम माझाच आहे. ती नुसती मागे पडली असेल तर तिला लागेल. मानी आहे ती, ग्रुप सोडून जाईल."

"आणि मागे पडली नसेल तर?"

ती हळू आवाजात म्हणाली, "चष्मेवाल्यानं टोमणा मारला, त्याला तिनं उत्तर दिलं नाही. वाचायला वेळ लागतो, दादा. टोमण्याला नाही लागत."

मी चपला घातल्या.

पत्ता कुरिअरमुळे तिला पाठ होता. बसमध्ये ती एकसारखी बोलत होती. गावाला गेली असेल ना? फोन बिघडला असेल ना? मी हं म्हणत होतो.

जुनी तीन मजली इमारत. जिन्याला रंग नवा होता, कठड्याला हात चिकटत होता. वरच्या मजल्यावर दार बंद. बेल वाजवली. परत वाजवली. समोरच्या दारातून शेजारीण बाहेर आली.

"बेल नका वाजवू हो. त्या वाचतात. आवाज झाला की रागावतात. आम्ही कुणी त्रास देत नाही त्यांना."

"शेवटचं कधी पाहिलंत?" बहिणीनं विचारलं.

शेजारीण थांबली. "दुधाची पिशवी दाराशी पडून होती. नासेल म्हणून मीच उचलली. आजही उचलली." बोलता बोलता तिचा चेहरा उतरला.

मी दाराला कान लावला. आत नळ चालू होता. बारीक धार, भांड्यात नाही, नुसती मोरीत पडणारी. माणूस घरात असून नळ असा वाहू देत नाही.

कडी आतून होती. शेजारणीनं बोलावलेला वॉचमन आणि मी दाराला खांद्यानं भिडलो. कडीचे स्क्रू सुटले.

ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. एका कुशीवर, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. श्वास चालू होता. बहीण तिच्याजवळ खाली बसली. म्हणाली, "मी इस्त्री."

त्या बाईचा एक डोळा तिच्याकडे वळला. दुसरा वळला नाही.

इस्पितळात डॉक्टरबाईंनी फार बोलणं टाळलं. पक्षाघात आहे, जीव वाचेल. लवकर आणलं असतं तर उपाय करता आले असते. बोलणं, वाचणं, समजणं, यातलं किती परत येईल ते सांगता येत नाही. बहिणीनं ते उभ्यानं ऐकलं. बाहेर आल्यावर भिंतीला टेकली. "शेजारीण आवाज करत नव्हती," ती म्हणाली, "आणि आम्हीही." धीर द्यायला मला खोटं बोलावं लागलं असतं.

ग्रुपवर तिनं एवढंच लिहिलं: 'कंदील इस्पितळात आहे. माझा नियम मी मोडते. इथून पुढे टोचायचं.' चष्मेवाल्यानं माफी मागितली. ती कुणाकडे मागायची, हे त्यालाही कळत नसावं.

आता बहीण रोज दुपारी जाते आणि तीच कादंबरी मोठ्यानं वाचते. अगदी पहिल्या पानापासून. कंदील कुठवर आली होती ते तिला विचारता येत नाही. मी कधीकधी बरोबर जातो. बहीण तशीच वाचते, पाठ ताठ, शब्द गाळत नाही.

काल ती त्या जागी आली, जिथे कप्तान पहिल्यांदा घरी परत येतो. तिनं वाचलं, "कप्तान बुडाला." पुस्तकात तसं नव्हतं. मी दचकून वर पाहिलं. तिनं मला नजरेनंच गप्प केलं. ही चूक मी दाखवायची नव्हती.

कंदील खिडकीकडे बघत होती. चेहऱ्यावर काही हललं नाही.

बहीण घोटभर पाणी प्यायली. तिनं बोट त्याच ओळीवर ठेवलं आणि सावकाश, एकेक अक्षर सोडवत, तेच चुकीचं वाक्य पुन्हा वाचलं. मग पुस्तक मांडीवर ठेवून ती त्या बाईच्या ओठांकडे बघत बसली. पान तिनं उलटलं नाही.